भोकांची ताडपत्री

मित्रांनो, मी एक जुनी जाळी आहे. मासे धरणाऱ्या कोळ्याची नव्हे आणि माशा धरणाऱ्या कोळ्याचीही नव्हे. मी तोफखान्याची जाळी आहे. जाड सुती दोरीची, चांगली ऐसपैस, अंगभर हिरव्या-तपकिरी गोणपाटाच्या पट्ट्या विणलेली. मला तोफेवर ताणले, की वरून जाणाऱ्या शत्रूच्या विमानाला तोफेऐवजी नुसते झाडझुडूप दिसे.

महायुद्धाच्या काळात मुंबईतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये बायकांनी मला विणले. तिथून मी थेट ब्रह्मदेशाच्या जंगलात गेले. विमान डोक्यावर घिरट्या घालू लागले, की जवान माझ्या आडोशाला श्वास रोखून बसत. विमान निघून गेले, की एखादा जवान मला थोपटून म्हणे, "शाब्बास!" तोफ गर्जते म्हणून तिचे सगळे कौतुक करतात. माझे कामच न दिसण्याचे, मला पदक कोण देणार? पण एक सांगते, माझ्याखालची एकही तोफ शत्रूला सापडली नाही. हा तोरा मी अजून सोडलेला नाही.

युद्ध संपले. देहूरोडच्या लष्करी डेपोत मी आवळून बांधलेली, धूळ खात पडून राहिले. मग त्रेपन्न साली जुन्या सामानाचा लिलाव निघाला. चाकणजवळच्या एका वाडीतला गेनू नावाचा शेतकरी तिथे आला. शेती सांभाळून तो पिंपरीला एका नव्या कारखान्याच्या बांधकामावर जाई. कांद्याची रास झाकायला त्याला ताडपत्री हवी होती. माझा हिरवा गठ्ठा त्याने वरवर चाचपला, चांगला जड लागला, आणि स्वारी खूश होऊन मला सायकलला बांधून निघाली.

अंगणात त्याच्या बायकोने, पुतळाबाईने, गठ्ठा सोडला. मी उलगडले. ती एकदा माझ्याकडे आणि एकदा नवऱ्याकडे बघत राहिली.

"अवो, ही ताडपत्री हाय व्हय? हिला निस्ती भोकंच हायेत!"

"गठ्ठ्यात दिसली न्हाईत," गेनू पुटपुटला.

"म्हंजी तुमी भोकं इकत आणली! आन् वर त्येंचं वझं सायकलवर वाहिलं!"

वाडीभर हसे झाले. शेजारचे चिमाजी फौजेतून परतलेले होते. त्यांनी मला लगेच ओळखले. "आरं, ही तोफंवरची जाळी! इमानापासनं लपवायला असती ही." झाले, लोकांना आणखीच चेव आला. येणारा-जाणारा विचारी, "काय गेनूभाऊ, कांद्याला इमानाचं भ्या वाटतंय का?" शेवटी मला कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकले. तोफा राखणारी मी, कोंबड्या राखू लागले. फार वाईट वाटले हो. रडलेही असते, पण जाळीला ती सोय नाही.

पुढच्या वर्षी कांद्याला भाव चांगला आला आणि त्या नादात वाडीने एक वेडेपणा केला. बियाण्यासाठी निवडून ठेवायचे मोठाले कांदेही लोकांनी चाकणच्या बाजारात नेऊन विकले. कांद्याचे जुने बी नीट उगवत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण प्रत्येकाला वाटले, शेजाऱ्याने ठेवले असतीलच. ठेवले होते फक्त पुतळाबाईने. तिने ते विहिरीजवळच्या वाफ्यांत लावले. फाल्गुनात त्यांना पांढरे गोंडे आले, चैत्रात त्यांत काळे बी भरू लागले. साऱ्या वाडीचा पुढचा हंगाम आता त्या एवढ्याशा वाफ्यांवर उभा होता. मला हसणारी माणसे बांधावरून जाताना हळूच म्हणत, "वैनी, बी झ्याक भरलंय की!"

बी काढायला थोडेच दिवस राहिले असताना, एका दुपारी भामचंद्राच्या डोंगरावर आभाळ काळेनिळे झाले. गार वारा सुटला. पुतळाबाईने वर पाहिले आणि नवऱ्याला हाक मारली.

"गारा येत्यात! अवो, ती जाळी काढा, जाळी!"

"अगं, गारांना भोकांतनं वाट हाय की," गेनू म्हणाला.

"भोकांवर पट्ट्या बी हायेत. उचला म्हंते ना!"

कोंबड्या फडफडत पळाल्या. गेनूने मला खांद्यावर घेतले. आरडाओरडा ऐकून वाडीतली माणसे बांबू, पहारी, हाताला लागेल ते घेऊन धावली. चिमाजींना एकदम फौजी आवाज फुटला, "ताणून धरा! सैल पडली तर गोंडं मोडत्याल!" खुंट कमी पडले, तिथे माणसेच खुंट झाली. कुणी डोक्यावर घोंगडे घेतले. गेनूने बांधकामावरचे घमेले पालथे घातले.

मग आभाळ कोसळले. गारा माझ्यावर आपटत होत्या, उसळत होत्या, फुटत होत्या. गेनूचे घमेले ठणठण वाजत होते. माझी एक दोरी तुटली, दुसरी तुटली, पट्ट्यांच्या चिंध्या झाल्या. पण सांगते मित्रांनो, तोफांवर ताणली गेले तेव्हाही मला एवढा आनंद झाला नव्हता. "या, अजून या!" मी मनातल्या मनात ओरडत होते. माणसांची बोटे बधिर झाली, तरी एकानेही कोपरा सोडला नाही.

गारा थांबल्या. सगळे रान पांढरे झाले होते, शेजारचा उशिरा पेरलेला गहू भुईसपाट झाला होता. वाकून सगळ्यांनी माझ्याखाली पाहिले. कडेचे काही गोंडे मोडले होते. बाकीचे ताठ उभे होते! अशी आरोळी उठली म्हणता! चिमाजींनी मला चक्क सलाम ठोकला. गेनूने घमेल्याखालून मान वर काढली.

"आता बोल, भोकं आणली त्ये बरं झालं का न्हाई?"

"लई ग्वाड भोकं आणली, धनी," पुतळाबाई हसता हसता रडू लागली.

दुसऱ्या दिवशी ती सुतळी आणि दाभण घेऊन मला सांधायला बसली. मूळचे भोक कोणते आणि गारेने पाडलेले कोणते, हेच तिला कळेना. शेवटी तिने दिसेल ते शिवले, आणि माझी तब्येत पहिल्यापेक्षा चांगली झाली.

बी निघाले. पुतळाबाईने घरटी पसाभर वाटले. ज्यांनी गारांत दोर धरला त्यांना दिले, आणि जे घरात दडून बसले त्यांनाही दिले. त्या हंगामात वाडीतले एकही वावर कांद्यावाचून राहिले नाही. चाकणच्या बाजाराला गाड्यांची रांग लागली, तेव्हा मी दारातून ती डोळे भरून पाहिली.

मित्रांनो, माझी मागणी फार नाही. घरातली जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा उलगडून बघा. मला कोरडी ठेवा, उंदरांपासून जपा, उसवले तर दोन टाके घाला. मग आभाळाने खुशाल काय पाडायचे ते पाडावे. वर मी आहे.