तांडेल रतन

सव्वीस जानेवारीला सकाळपासून नीराबाईचं कशात लक्ष नव्हतं. बोंबील वाळत टाकताना दोनदा टोपली कलंडली. दुपारी शाळेच्या अंगणात नाटक होतं आणि त्यात तिची रतन होती.

रतन बारा वर्षांची. तीन वर्षांची असताना तापात दोन्ही पाय लुळे पडले, तेव्हापासून ती हातांवर भार देऊन सरकायची. अनंता गुरुजींनी घरी येऊन, हट्ट धरून तिला काशीदच्या शाळेत घातलं. यंदा त्यांनी नवंच काढलं. शाळेतलं एकही पोर नाटकाबाहेर राहणार नाही म्हणाले. मोरूला ऐकू येत नव्हतं, त्यानं शीड सांभाळायचं. अडखळत बोलणाऱ्या सदानं वारा व्हायचं. आणि रतननं व्हायचं तांडेल, होडी चालवणारा मुख्य.

"लोकं हसतील पोरीला, गुरुजी," नीराबाई म्हणाली होती.

"तांडेल सुकाणूपाशी बसूनच असतो, नीराबाई."

"तिचं पाय दिसता कामा न्हाय. येवढं कबूल करा, मंगच पाठवते."

गुरुजींनी नाइलाजानं मान डोलावली. पडदा उघडायच्या आधीच रतनला बसवायचं आणि पायांवर गोणपाट टाकायचं ठरलं. रतन त्यावर दोन दिवस आईशी बोलली नाही.

नाटक सुरू झालं. चार बाकं जोडून होडी केली होती, मधे बांबू, बांबूवर धोतराचं शीड. नीराबाई बायकांत बसली होती, पण तिला बसवत नव्हतं. ती सारखी पदर सारखा करी, मान उंचावून गोणपाट जागेवर आहे का बघी. रतनचा आवाज मात्र खणखणीत होता. पार मागच्या माणसापर्यंत पोचत होता.

वादळ आलं. रतननं हात वर केला की मोरूनं शीड उतरवायचं, असं ठरलं होतं. पण मोरूला गर्दीत त्याचा बाप दिसला आणि तो तिकडेच बघत हसत उभा राहिला. नेमका तेव्हाच समुद्रावरून खरा वारा सुटला. धोतर फुगलं, बांबू कलला.

रतननं हात हलवला. पुन्हा हलवला. मोरूची पाठच होती. गुरुजी कडेनं पुढे धावणार, तोच रतननं गोणपाट भिरकावलं आणि बाकांवरून सरपटत निघाली. लुळे पाय मागून फरफटत होते.

"आरं, तांडेल रांगतोय!" पुढे बसलेला भागोजी ओरडला. सगळं अंगण हसलं.

नीराबाई ताडकन उठली. पोरीला उचलून घरी न्यायचं, बस्स. माणसं तुडवत ती अर्ध्यापर्यंत गेली.

तेवढ्यात रतननं मोरूच्या पाठीवर थाप मारली. त्यानं वळून पाहिलं, दोरी सोडली, शीड खाली आलं. मग बांबूला धरून रतन भागोजीकडे वळली.

"ए! वादळात हसतोस? होडी जड झालीय. उतर खाली!"

हे नाटकात नव्हतं. मग जो हशा उठला तो भागोजीवर. तो खाली मान घालून बसला.

"नीराबाय, बस की खाली! दिसत न्हाय!" मागून कुणीतरी ओरडलं.

ती होती तिथेच बसली. रतन सुकाणूपाशी परत गेली नाही. उरलेलं नाटक तिनं बांबूला टेकूनच केलं.

घरी आल्यावर नीराबाई तिच्या सोललेल्या गुडघ्यांना खोबरेल लावायला बसली.

"भ्या न्हाय वाटलं तुला?"

"वाटलं. पन मोरूला कसं कळनार होतं, आये?"

नीराबाई उठली, ओटीवर गेली, उगाच बाहेर बघून परत आली. पुन्हा बसली, पुन्हा उठली. शेवटी न राहवून म्हणाली,

"त्या भागोजीला आनखी दोन शब्द सुनवायला पायजे होतंस."

रतन इतकी हसली की तेलाची वाटी लवंडली.