दोन्हीकडचे खांब

पानाचा छेद खरोखर पातळ पडला असेल तर तो पाण्यात दिसत नाही. दिसते ती त्याची कड, केसाएवढी, आणि तीही बशी थोडी तिरकी धरली तरच. चिमीच्या बशीत असे दोन-तीन छेद तरंगत होते. बाकीचे जाडेभरडे, लांबूनही हिरवे दिसणारे. ते ब्रशने बाजूला सारताना ती एकेकाला "तू नापास, तूही नापास" असं पुटपुटत होती.

रविवारची दुपार होती. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून त्यावर मावशीचा जुना, एकाच डोळ्याने बघायचा मायक्रोस्कोप ठेवला होता. शेजारी काचपट्ट्या, छेद रंगवायच्या लाल रंगाची छोटी बाटली आणि मधोमध खाच पाडलेला अर्धा बटाटा. पान नुसतं बोटांत धरून कापता येत नाही, ते दबतं. म्हणून त्याची पट्टी बटाट्याच्या खाचेत धरायची आणि दोन्ही मिळून ब्लेडने सरसर कापायचं.

"एक बटाटा धड ठेवला नाही तुम्ही दोघींनी," चिमीची आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "भाजी करायला घ्यावा तर प्रत्येकाच्या पोटावर चीर. उद्या पाहुण्यांना काय सांगू, आमच्याकडे बटाट्यांची ऑपरेशनं होतात?"

"फार्मसीवाल्यांचं घर आहे, आई."

"घर माझं आहे. फार्मसी भाडेकरू. तीही डोक्यावर बसलेली."

मावशी हसली. ती चिमीच्या आईची धाकटी बहीण. लग्न केलं नव्हतं, आणि ताईचे यजमान गेल्यापासून इथेच राहत होती. फार्मसी कॉलेजात औषधी वनस्पती शिकवण्यात तिचे केस पिकले होते. चिमी त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. घरी 'मावशी' आणि वर्गात 'मॅडम' असा कडक नियम होता. पण एकदा भर वर्गात चिमीच्या तोंडून 'मॅडममावशी' निघून गेलं आणि तेव्हापासून मागच्या बाकांवर तेच नाव रूढ झालं. मावशीला ते ठाऊक होतं. आवडतही होतं, पण ते कबूल करण्यातली ती नव्हती.

झाड कोणत्या कुळातलं, त्याचा कोणता भाग औषधात घेतात, त्या भागाच्या पेशी कशा रचलेल्या असतात, हे ती वर्षानुवर्षं त्याच क्रमाने शिकवत आली होती. सोनामुखी पोट साफ करते, धोतरा डोकं फिरवतो. चूर्ण केल्यावर दोन्ही हिरवंच. वेगळं ओळखू येतं ते फक्त भिंगाखाली. म्हणून तिचा एक हट्ट असे: पुस्तकातली आकृती पाठ करून यायचं नाही, काचपट्टीवर असेल ते काढायचं. एखादीने पाठांतर उतरवलेलं तिला वहीकडे बघताच कळे, आणि मग गुण देताना तिचा हात अगदी आखडता होई.

दोन वर्षांपूर्वी उजव्या डोळ्यासमोर, बरोबर मध्यभागी, अंगठा पुसल्यासारखा एक करडा डाग आला. ते तिने घरी सांगितलं होतं. गेल्या हिवाळ्यापासून तसाच डाग डाव्या डोळ्यात धरू लागला, हे मात्र सांगितलं नव्हतं. डोळ्यांचे डॉक्टर मऊ आवाजाचे गृहस्थ होते. म्हणाले, कडेचं दिसत राहील, मधलं हळूहळू जाईल, गेलेलं परत येणार नाही. "आणि बाई, ज्या बारीक कामावर दुसऱ्याचं काही अवलंबून आहे, ते आता सोडा."

सत्र संपलं की सोडते, असं ती तेव्हा म्हणाली. सत्र संपलं. मग ही बॅच बाहेर पडू दे, म्हणाली. कळत होतं, वळत नव्हतं. विभागातल्या धाकट्या मॅडम तयारीच्या होत्या, हुशार होत्या. त्यांनी दोनदा आडून विचारलंही, आणि दोन्ही वेळा मावशीने चहाचा विषय काढला. आता गुरुवारी प्रात्यक्षिक परीक्षा होती. पोरापोरींच्या काचपट्ट्या बघून, त्यांच्या आकृत्या पडताळून गुण देण्याचं काम नेहमीप्रमाणे तिच्याकडेच होतं.

"मावशी, खांब दोन्हीकडे दिसतायत," चिमी भिंगावरून डोळा न काढता म्हणाली.

पानाच्या सालीखाली उभ्या, लांबट पेशींची जी रांग असते, तिला मावशी खांब म्हणे.

"धोतऱ्याला खांब वरच्या बाजूलाच. खाली विरळ पेशी, स्पंजासारख्या. छेद दुमडला असेल तुझा."

"नाही गं दुमडला. चांगला पसरलाय."

"सरक बघू."

चिमी खुर्चीवरून उठली. मावशीने डावा डोळा भिंगाला लावला. आधी नुसतं लालसर धुकं. कडेची साल स्पष्ट होती, मधला भाग पाण्याखाली गेल्यासारखा. ती स्क्रू पुढेमागे फिरवत राहिली आणि मग सगळं जागेवर बसलं: वर खांबांची एक रांग, तिच्याखाली चांदण्यांसारख्या स्फटिकांची ओळ, त्याखाली सैलसर पेशी. धोतरा, जसा तो नेहमी असतो.

"हे काय, एकच तर रांग आहे." तिने पेन्सिल उचलली आणि कोऱ्या कागदावर छेद काढून दाखवला. साल, खांब, चांदण्या, विरळ पेशी, खालची साल. रेघ कुठे थरथरली नाही. "आलं लक्षात?"

"हो," चिमी म्हणाली.

मग तिने पुन्हा भिंगात पाहिलं. बराच वेळ. एकदा मान वर करून मावशीकडे पाहिलं, पुन्हा खाली घातली. थोड्या वेळाने वहीवर रबर घासल्याचा आवाज आला. पोरगी सुधारतेय, असं मनाशी म्हणत मावशी वाटी विसळायला स्वयंपाकघरात गेली.

वाळलेली पानं तिनेच सकाळी भिजत घातली होती. ती मऊ झाल्यावर पट्ट्या कापून, देठाकडची टोकं त्याच पाण्यात राहू दिली होती. ओट्यावर तिने दोन वाट्या ठेवल्या होत्या, खिडकीजवळची धोतऱ्याची, शेगडीजवळची सोनामुखीची. चिमीने खिडकीजवळून नेलेल्या वाटीतलं पाणी ओतताना एक टोक मावशीच्या बोटाला चिकटलं. सवयीने तिने ते अंगठ्याखाली चोळलं. पान चिवट, अरुंद. मधली शीर लागली. शिरेच्या एका बाजूचं पातं थोडं वर संपत होतं, दुसऱ्या बाजूचं खाली.

तिने दुसरं टोक घेतलं. तेही तसंच. देठाशी अशी लहानमोठी बाजू धोतऱ्यातही असते, पण त्याचं पान एवढं अरुंद नसतं, आणि भिजल्यावर असं चिवट राहत नाही.

ही सोनामुखी होती. आणि सोनामुखीला खांब दोन्हीकडे असतात.

"ताई, या वाट्या कोणी हलवल्या?"

"मी. भांडी उपडी घालायला जागा नको? एक इकडे केली, एक तिकडे. का, काही बिघडलं?"

"नाही." नळ वाहत होता. तो बंद करायचं तिच्या ध्यानात आलं नाही. ताईने पुढे होऊन केला.

बाहेर चिमी आकृतीला नावं देत होती. मावशीने शेजारी बसून वहीच्या पानावरून तळहात फिरवला. खालच्या अर्ध्या भागात कागद खरखरीत लागला.

"इथे आधी काय काढलं होतंस?"

"काही नाही. चुकलं होतं."

"काय चुकलं होतं?"

चिमी पेन्सिलीचं टोक निरखू लागली. "खांब काढले होते. खालीसुद्धा."

"आणि मी सांगितल्यावर पुन्हा पाहिलंस, तेव्हा खाली काय होतं?"

"तू काढलंयस तेच."

"चिमे."

"खांब," चिमी अगदी बारीक आवाजात म्हणाली. "पण तू इतकं सुंदर काढलंस, मला वाटलं माझंच..."

"तसं नाही वाटलं तुला. तुला आधीच कळलं होतं."

चिमीचे कान लाल झाले होते.

"कशावरून कळलं?"

"बघून काढणारा मध्ये मध्ये थांबतो," चिमी म्हणाली. "भिंगात बघतो, कागदावर बघतो. तूच शिकवलंस. आणि तू एकदाच पाहिलंस, नंतर मान वर केलीच नाहीस." तिने नाक ओढलं. "माझे दोन गुण गेले असते फार तर. जाऊ देत की. तुला कसं सांगणार होते मी?"

मावशीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो तिथून काढावासा तिला वाटेना. आयुष्यभर तिने जे पाठांतर लाल शाईने खोडलं, ते आज तिनेच कागदावर उतरवलं होतं. आणि ज्या मुलीला कागदावर खोटं काढता येत नसे, तिने मावशीसाठी ते काढलं होतं. गुरुवारी बाकावर अशा कितीतरी पोरी बसणार होत्या. त्यांच्यापैकी कोणाची ती मावशी नव्हती.

"रबर दे इकडे," ती म्हणाली. खालचा भाग तिनेच पुसला आणि वही चिमीपुढे सरकवली. "काढ. तुला दिसतं तसं."

ताई पदराला हात पुसत दारात उभी होती. किती वेळची, कोणास ठाऊक. "काय चाललंय? भाडेकरूंचं भांडण?"

"ताई, बस जरा."

"बसायला वेळ कुठे आहे," म्हणत ती बसली. बहिणीचा आवाज तिला लहानपणापासून पाठ होता.

"डावा डोळाही मधून जायला लागलाय माझा."

ताई पुढे सरकली. "कधीपासून?"

"हिवाळ्यापासून."

"आणि रोज तो मोठा रस्ता ओलांडून जातेस? एकटी?"

"रस्ता कडेने दिसतो गं."

"कडेने दिसतो म्हणे. बहीण मात्र कडेनेही दिसली नाही सांगायला." ताईचं वाक्य टोमण्यासारखं सुरू झालं होतं, पण शेवटी आवाज फाटला. तिने मावशीचं मनगट धरलं, ओल्या हाताने, घट्ट. "मग काय करायचं ठरवलंयस?"

चिमीची पेन्सिल थांबली होती. मावशीने बहिणीच्या हातावर आपला दुसरा हात ठेवला.

"उद्या सकाळी प्राचार्यांकडे जाते," ती म्हणाली. "गुरुवारची परीक्षा मी घेणार नाही. भिंगाचं सगळं काम यापुढे धाकट्या मॅडमकडे."