भिंतीचं दुखणं

मंगळवारपासून आमच्या हॉलच्या भिंतीला हात लावला की गुंडोपंत कळवळतो. गुंडोपंत म्हणजे माझा कुत्रा. आठ वर्षांत कुणावर गुरगुरला नाही; पोस्टमनचे पाय चाटणारा प्राणी. आता दिवसभर भिंतीला पाठ लावून बसतो आणि जवळ येईल त्याला दात दाखवतो.

जनावरांचे डॉक्टर मोघे म्हणाले, "अचानक स्वभाव बदलला म्हणजे कुठेतरी दुखतंय. दाबून बघा."

नाकापासून शेपटीपर्यंत दाबलं. पठ्ठ्या जांभया देत होता. मग घड्याळाखाली भिंत दाबली, तर तो किंचाळला. भिंत हाताला ऊन लागत होती.

मी पक्कड घेतली आणि खिळे उपटायला लागले. घड्याळ उतरलं, कॅलेंडर उतरलं. प्रत्येक खिळ्यागणिक तो थोडा सैलावला. शेवटी यांचा हार घातलेला फोटो काढला, तेव्हा माझ्या नणंदबाई कडाडल्या, "दादाला जमिनीवर ठेवतेस? कुत्र्यासाठी?"

"त्यांना आता काही दुखत नाही, वन्सं. याला दुखतंय."

वन्सं चपला घालून निघून गेल्या. गुंडोपंत तीन दिवसांनी पहिल्यांदा झोपला. मला रडूच आलं.

शुक्रवारी सोसायटीची नोटीस आली: आग विझवायच्या पाइपसाठी प्रत्येक हॉलच्या भिंतीला भोक. मी ती मोठ्याने वाचली, ही माझी चूक. तेव्हापासून भिंत अंग चोरून पुढे सरकायला लागली. संध्याकाळी सोफा टीपॉयला भिडला. सकाळी आम्ही दोघं अंग तिरकं करून हॉलमधून जात होतो.

दुपारी सेक्रेटरी निरगुडकर स्वतः ड्रिल मशीन घेऊन आले. पोट आत ओढूनच आत शिरले.

"काकू, सरका. सगळ्यांच्या भिंतींना भोक पाडलंय. काही झालं का?"

"घरात कुत्रा नसेल तर कळणार कसं?"

"इंचभर भोक आहे हो."

"मग तुमच्या पोटाला पाडू या. हा मरेल, निरगुडकर. सरळ सांगते."

त्यांनी मशीन सुरू करून भिंतीला लावलं. गुंडोपंताच्या अंगात भुंकायचंही त्राण उरलं नव्हतं. मी निरगुडकरांच्या मनगटाला चावले.

मशीन खाली पडून घरघरत राहिलं. दारात शेजारी जमले. "एवढी शांत बाई," कुणीतरी म्हणालं, "असं अचानक काय झालं?"

भिंत आणखी पुढे आली आणि माझ्या पाठीला टेकली. ती धापा टाकत होती. मी दात आणखी रुतवले.