सहीनंतर बदल नाही

शिस्त ही कलेची आई आहे. भरमाचं हे मत १९८३ च्या ऑगस्टात बनलं आणि बनल्याबरोबर त्यानं ते स्टुडिओच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटनं लिहून टाकलं. भिंत थोडी कमी पडली. 'आई आहे' हे दोन शब्द कोपरा वळून दाराच्या मागं गेले. त्यामुळं दार उघडं असलं, म्हणजे दिवसभर, की येणाऱ्याला 'शिस्त ही कलेची' एवढंच वाचायला मिळायचं, आणि पुढं कोण ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

मत बेळगावजवळच्या मच्छ्याहून आलं होतं. तिथल्या औद्योगिक वसाहतीत लहान धंदेवाल्यांसाठी तीन दिवसांचं शिबिर झालं. बेंगळूरहून आलेले साहेब इंग्रजीत बोलत, मधेच कन्नडमध्ये समजावत, आणि भरमा ते मराठीत उतरवून घेत होता. तीन भाषांतून गाळून खाली उरलं ते असं: गिऱ्हाईक डोक्यात ठेवायचं नसतं, भिंतीवर ठेवायचं असतं.

निपाणीला परतल्यावर त्यानं भिंतीत सात खिळे ठोकले. प्रत्येकाखाली पत्र्याची पट्टी: आलं, कच्चं, पक्कं, पसंती, ब्लॉक, छपाई, पोचलं. प्रत्येक कामाला एक खाकी पाकीट, पाकिटावर गिऱ्हाइकाचं नाव, आणि काम पुढं सरकेल तसं पाकीट या खिळ्यावरून त्या खिळ्यावर. त्याची आई तानीबाई हिनं पंचवीस वर्षं कारखान्यात विड्या वळल्या होत्या. ती कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "नळाला घागरी नंबराला लावल्यागत दिसतंय रं. पानी कवा येनार?"

चौथ्या खिळ्याखाली लाल अक्षरांत नियम होता, मराठीत आणि कन्नडमध्ये: 'सहीशिवाय पुढं नाही. सहीनंतर बदल नाही.' याला कारण चिकोडीचा एक साबणवाला. त्यानं वेष्टनाचं चित्र बघितलं, मान डोलावली, वर पान खाऊन गेला; आणि वीस हजार वेष्टनं छापून दारात उतरली तेव्हा म्हणाला, "मी कवा व्हय म्हनालतो?" मान डोलावल्याचा पुरावा कुठल्याच कोर्टात चालत नाही. भरमानं तेव्हाच ठरवलं, इथून पुढं सही.

हे सगळं हौसेपोटी नव्हतं. जूनमध्ये त्यानं हायस्कूलातली ड्रॉइंग मास्तरकी सोडली होती, आणि त्या जागेवर संस्थाचालकांचा भाचा बसलाही होता. आता भिंतीवर पाच पाकिटं होती. दोन लग्नपत्रिका, एक डॉक्टरचा बोर्ड, एक पिठाच्या गिरणीचा शिक्का, आणि जिनाप्पा मगदुमांच्या नव्या विडीचं लेबल. पहिल्या चारांवर चहा भागत होता. घर भागणार होतं ते पाचव्यावर. जिनाप्पाण्णांची 'अडकित्ता छाप' दिवाळीच्या पाडव्याला बाजारात येणार होती, आणि लेबल मनासारखं झालं तर त्यांच्या मेव्हण्याच्या दोन छापांचंही काम इकडंच येणार होतं. नाही झालं, तर फटफट्यांचे नंबर रंगवणं होतंच.

जिनाप्पाण्णा स्वतः विडी ओढत नसत. सूर्य बुडायच्या आत जेवत, पाणी गाळून पीत, आणि तंबाखूचा व्यापार अत्यंत निर्मळपणे करत. सोमवारी ते आले. आयव्हरी कार्डावर, लेबलाच्या चौपट मोठं, काळ्या शाईत काढलेलं चित्र त्यांनी हातभर लांब धरून बघितलं.

"झकास! अडकित्ता उचलावा आनि सुपारी कातरावी असा झालाय, मास्तर."

"मग सही करा, अण्णा." भरमानं चित्राच्या चौकटीखाली मोकळ्या जागेत फिक्या निळ्या रंगात आखलेलं खोकं दाखवलं. चित्राचा फोटो काढून छपाईचा धातूचा ठसा, म्हणजे ब्लॉक, करणाऱ्याच्या कॅमेऱ्याला हा निळा रंग दिसत नाही. त्या खोक्याचा त्याला मनातून फार अभिमान होता.

"सही?" जिनाप्पाण्णांचा हात खाली आला. "मी झकास म्हटलं की."

"म्हटलं. पर हतं बघा." भरमानं भिंतीकडं बोट केलं.

जिनाप्पाण्णांनी नियम आधी कन्नडमध्ये वाचला, मग मराठीत, फरक पडतोय का बघायला. पडत नव्हता. "मास्तर, आमच्या घरात सही दोनच ठिकानी. जमिनीचा कागद आनि लग्नाची यादी."

"आता ही तिसरी."

"बरं," जिनाप्पाण्णा टोपी सारखी करत उठले. "मग रीतीनं करू."

ते गेल्यावर भरमानं पाकीट 'पक्कं'वरून काढून 'पसंती'वर लावलं आणि दोन पावलं मागं सरून भिंतीकडं कौतुकानं बघितलं. रीत म्हणजे काय, हे त्यानं विचारलं नव्हतं.

मंगळवार गेला, बुधवार गेला. कोल्हापूरच्या ब्लॉकवाल्याचं कार्ड आलं: दिवाळीच्या कामांची रांग लागली आहे, गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत येईल ते घेऊ, पुढचं पाडव्यानंतर. गुरुवारी पावणेचारची एस.टी. ही शेवटची, जी वेळेत पोचवणार होती.

गुरुवारी पावणेदोनला जिनाप्पाण्णा आले. पाठोपाठ इरकल लुगडं नेसलेल्या ब्राह्मीआक्का, त्यांची बायको, हातात रुमालानं झाकलेलं ताट घेऊन. त्यांच्या मागं मारुतीराव, निवृत्त तलाठी, काखेत छत्री.

"ह्ये पंच," जिनाप्पाण्णा म्हणाले. "खरं तर पाच पायजेत."

"मी एकटा पाचांना भारी हाय," मारुतीराव म्हणाले आणि स्टुडिओतली एकुलती एक हाताची खुर्ची पंच म्हणून ताब्यात घेतली.

भरमानं चित्र टेबलावर मांडलं, पेन उघडून पुढं केलं.

"आता? राहुकाळ चालू हाय, मास्तर. तीनपतूर."

"अण्णा, पावनेचारला गाडी हाय."

"गाडी पावनेचारला हाय. राहुकाळ तीनला संपतोय. मधी पाऊन तास हाय न्हवं?"

हिशेबात खोट नव्हती. तानीबाईनं चहा आणला. ब्राह्मीआक्का म्हणाल्या, "मला नको गं, उपास हाय." तानीबाईनं असे उपास आयुष्यात पुष्कळ बघितले होते, तिनं त्यांचा कप उचलून स्वतः पिऊन टाकला. जिनाप्पाण्णांनी मात्र बशीत ओतून घेतला. मग तीन वाजायची वाट सुरू झाली. मारुतीरावांनी भिंतीवरची पाकिटं वाचून काढली आणि कोणाचं लग्न कुठं ठरलंय याची माहिती करून घेतली. भरमा घड्याळाकडं बघत होता, आणि घड्याळ शिबिराला न गेल्यासारखं चालत होतं.

तीन वाजले. दोन मिनिटं वर गेली, खात्रीसाठी. मग उंबऱ्यावर नारळ फुटला, पेढ्याचा पुडा सुटला, आणि जिनाप्पाण्णांनी स्वतःचं पेन काढलं. पेन चालेना. त्यांनी ते झटकलं. शाईचा टपोरा थेंब चित्रावरून उडून मारुतीरावांच्या धोतरावर गेला आणि भरमाचा श्वास परत आला. जिनाप्पाण्णांनी निळ्या खोक्यात, एकही रेघ न ओलांडता, कन्नडमध्ये सही केली. मारुतीरावांनी सवयीनं बाजूला 'समक्ष' म्हणून आपली ठोकली. तीन वाजून बारा मिनिटं. भरमा पाकीट काढायला भिंतीकडं वळला.

तो परत वळला तेव्हा ब्राह्मीआक्कांचं बोट चौथ्या कोपऱ्यावरून उचललं जात होतं.

चित्राच्या चौकटीत, चारी कोपऱ्यांत, हळदीवर कुंकू. बोटं ओली होती. आयव्हरी कार्डानं ते आवडीनं पिऊन घेतलं होतं.

"आक्का..." भरमा टेबलाकडं धावला. "ह्ये चौकटीच्या भायेर लावायचं हुतं."

"भायेर कशाला? कागद काय करायचाय? छाप चालायला पायजे, तर छापाला लावायचं." आक्कांनी त्याच्याकडं मास्तरला हेसुद्धा कळू नये अशा नजरेनं बघितलं.

"कॅमेऱ्याला लाल आनि काळं एकच दिसतंय, आक्का. ह्ये ब्लॉकात उतरनार. प्रत्येक लेबलावर चार डाग येनार." तो कापसाचा बोळा शोधायला लागला. "थांबा, एवढं कुंकू पुसून घेतो..."

वाक्य संपलं तेव्हा ब्राह्मीआक्कांचा हात गळ्यातल्या मण्यांवर गेला होता. जिनाप्पाण्णांनी पेढा अर्धा तोंडात आणि अर्धा हातात असा थांबवला होता. तानीबाईच्या घरातला कुंकवाचा करंडा छप्पन्न सालापासून माळ्यावर होता, पण हे वाक्य सवाष्णीसमोर, तिच्या नवऱ्याच्या तोंडावर उच्चारायचं नसतं हे कळायला करंडा लागत नाही. तिनं पदर तोंडाला लावला.

"मास्तर," मारुतीराव हळूच म्हणाले, "शेठ हतंच बसल्यात. जित्ते हायत."

जिनाप्पाण्णांना ठसका लागला. पेढ्याचाच होता, पण आक्कांनी भरमाकडं ज्या डोळ्यांनी बघितलं त्यात पेढ्याला जागा नव्हती.

"चुकलो, आक्का. पुसत न्हाय. वरनं नुसता रंग देतो, झाकतो."

"कंचा रंग?"

पोस्टर कलरची बाटली त्याच्या हातातच होती. पांढरी. त्यानं ती मागं लपवली, पण मारुतीराव पंच होते, त्यांनी बघितली आणि नोंद घेतल्यासारखी मान हलवली.

सव्वातीन होऊन गेले होते. भरमानं शेवटचा उपाय काढला. "असं करू, अण्णा. हतं हात लावायचा न्हाय. कोल्हापुरात ब्लॉकवाला फिलमवर चार टिपके बंद करील. कुंकू हाय तसं ऱ्हाईल."

"म्हंजे," जिनाप्पाण्णा पाणी पिऊन सावकाश म्हणाले, "निपानीत पुसायचं न्हाय, कोल्हापुरात पुसायचं." ते उठले, चौथ्या खिळ्यापाशी गेले आणि बोटानं एकेक शब्द दाखवत वाचलं. "सहीनंतर. बदल. नाही." मग वळले. "कन्नडात बी तेच हाय. मी सोमवारीच बघितलंय. मला वाटलं मास्तर शब्दाला पक्का मानूस हाय, म्हनून घरच्यास्नी घिऊन आलो. ह्ये माझ्यासाठी लिवलंय का तुमच्यासाठी?"

भरमानं मनात हिशेब केला. चित्र पाठवलं नाही तर पाडवा चुकणार आणि काम जाणार. जसंच्या तसं पाठवलं तर चाळीस हजार लेबलांवर चार-चार डाग, आणि ऐन पाडव्याला गावासमोर काम जाणार. दोन्हीकडं तेच होतं, फक्त दुसरं पंधरा दिवस उशिरा. पंधरा दिवसांना तेव्हा किंमत होती.

"जाऊ द्या तसंच," तो म्हणाला.

"मारुतीराव संगट जातील," जिनाप्पाण्णा म्हणाले. "पंच म्हनून."

स्टँडवर भरमा अक्षरशः पळत पोचला. मागून मारुतीराव छत्रीसह. गाडी सुटण्याआधी मुतारीच्या भिंतीआड त्यानं चिठ्ठी लिहिली: 'चारी कोपरे झाकणे. बोलू नये.' घडी करून शर्टाच्या खिशात टाकली. पाकिटात सरकवायला दोन सेकंद पुरे होते. पण पाकीट मारुतीरावांनी कधीच मागून घेतलं होतं आणि खिडकीपाशी बसून छातीशी धरलं होतं, जप्तीचा माल असल्यासारखं.

"मारुतीराव, जरा पाकीट द्या हिकडं."

"का?"

कंडक्टरनं एक घंटी दिली. भरमाची दोन बोटं खिशात चिठ्ठीवर होती. त्याला वाटलं, पुन्हा मागावं. हिसकावून घ्यावं. मग वाटलं, या माणसानं परत येऊन 'समक्ष' सांगितलं की आक्का पुन्हा मण्यांवर हात ठेवतील, आणि या गावात आपल्या हाताला कोणी काम देणार नाही.

"आजून काय घालायचं ऱ्हायलंय?" मारुतीरावांनी विचारलं.

"काय न्हाय," भरमा म्हणाला. "घट्ट धरा."

दुसरी घंटी झाली. गाडी गेली.

ब्लॉक आला, तेव्हा त्यात चारी टिपके होते. ब्लॉकवाला प्रामाणिक होता. खालच्या डाव्या टिपक्यात आक्कांच्या बोटाच्या रेघासुद्धा उतरल्या होत्या. लेबल हिरव्या शाईत छापायचं ठरलं होतं. सहीनंतर बदल नव्हता. ते हिरव्या शाईत छापलं. त्या पंधरा दिवसांत भरमा दोन वेळा हायस्कूलच्या दारावरून गेला. दुसऱ्या वेळी आत जाऊन हेडमास्तरांना नमस्कारही करून आला. संस्थाचालकांच्या भाच्याची तब्येत उत्तम होती.

पाडव्याला सकाळी मगदुमांच्या वखारीत गठ्ठा सुटला. मेव्हणे होते, मारुतीराव होते, आजूबाजूचे व्यापारी होते. भरमा दारापाशी उभा होता, चपला न काढता. जिनाप्पाण्णांनी एक लेबल उचललं, चष्मा लावला, उजेडाकडं धरलं. बराच वेळ धरलं. मग आक्कांच्या हातात दिलं.

"हिरवं झालंय," आक्का म्हणाल्या.

भरमानं मेव्हण्यांच्या तोंडाकडं बघायचं टाळलं. जिनाप्पाण्णांनी लेबल परत घेतलं आणि बोटानं मोजलं. "एक, दोन, तीन, चार." चष्मा काढला. "चारी हायत. मास्तर, मेव्हन्याच्या छापाला तारीख सांगा. ही येईल कुंकू लावायला."

संध्याकाळी भरमानं पाकीट 'पोचलं'वर लावलं आणि स्टँडवरच्या पानपट्टीशी जाऊन उभा राहिला, त्या चार टिपक्यांना लोक काय म्हणतात ते ऐकायला. पाऊण तासात अकरा जणांनी अडकित्ता छाप घेतली. लेबल कोणीच बघितलं नाही, नावही कोणी घेतलं नाही. सगळे म्हणाले, "ती नवी, पिवळ्या दोऱ्याची दे." निपाणीत विडी दोऱ्याच्या रंगावरून मागतात.