अक्का म्हणून सांगितलेलं

मायाक्काची ड्यूटी मुलींच्या शाळेवर लागली तेव्हा पोलीस ठाण्यातल्या बाकीच्या जणींनी तिचा हेवा केला. बंदोबस्त नाही, रात्रपाळी नाही. आवारातल्या लिंबाखाली खुर्ची टाकून बसायचं. शाळा सुटायच्या वेळी मोटारसायकलींवरून एक टोळकं रस्त्यावर घिरट्या घालायचं, मुलींची नावं घेऊन ओरडायचं, ओढण्या ओढायचं. पालकांनी मोर्चा काढला आणि वरून हुकूम निघाला, की इथं एक महिला पोलीस कायमची बसेल.

मुख्याध्यापिका वैजयंतीबाईंना ते रुचलं नव्हतं. "टवाळ पोरं रस्त्यावर आहेत, तर पोलीसही रस्त्यावर असावेत. शाळेच्या आत वर्दी कशाला?" असं त्यांनी सभेत सांगून पाहिलं, पण घाबरलेल्या आईबापांपुढे त्यांचं काही चाललं नाही. मायाक्काला मात्र त्यांनी कधी परकं वागवलं नाही. मधल्या सुट्टीत आपल्याबरोबर तिच्यासाठीही चहा सांगायच्या.

मायाक्का मंद्रूपकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. मराठीइतकीच कानडीही तिच्या जिभेवर. त्या कानडीमुळंच नववीतली सिद्धेश्वरी तिला चिकटली. सिद्धेश्वरीचं घर मूळचं कर्नाटक सीमेवरच्या दुधनीचं. बाप कोरोनात गेला आणि आई रत्नम्मा दोन्ही पोरांना घेऊन सोलापुरात आली. थोरला विरेश शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड कापायचा. घर त्याच्यावरच चालायचं.

सिद्धेश्वरी डबा घेऊन खुर्चीशेजारी यायची आणि "अक्का, अक्का" करत नाही नाही ते विचारायची. पोलीस भरतीला उंची किती लागते? पळायचं किती? पळताना रडू आलं तर काढून टाकतात का?

"रडतात की सगळ्या," मायाक्का म्हणायची. "फकस्त पाय थांबवायचे न्हाईत."

एके दिवशी सिद्धेश्वरीनं डबा उघडलाच नाही. बराच वेळ झाकणाशी चाळा करत बसली आणि मग एकदम म्हणाली, "अक्का, त्या काळ्या गाडीवर मागं बसतो न्हवं, चौकडीच्या शर्टाचा? त्यो माजा दादा हाय."

मायाक्कानं खुर्ची तिच्याकडं वळवली.

"घरी लई चांगला हाय त्यो. दोस्तांच्या नादानं येतो. तुमी त्याच्या कानाखाली दोन लावा. लई भ्या दाखवा. पर लिहू नका, अक्का. कागदावर आलं तर कारखान्यातून काढतील त्याला. आन मी सांगितलं म्हणून आईला कळलं, तर..."

"न्हाई लिहीत," मायाक्का म्हणाली. "शब्द दिला."

त्याच संध्याकाळी ती कारखान्याबाहेर जाऊन उभी राहिली. विरेशला तिनं चहाच्या टपरीमागं नेलं. मिसरूड नुकतं फुटलेलं, एकोणीस वर्षांचं पोरगं; अंगभर दोऱ्याचे तुकडे चिकटलेले.

"गाडी माजी न्हाई, मॅडम. मी नुसता मागं बसतो."

"मागं बसून दात काढतोस, ते दिसतं मला. घरात बहीण न्हाई व्हय तुला?"

तो तिच्या पाया पडायला वाकला, तशी तिनं मानेवर एक ठेवून दिली. परत शाळेकडं फिरकणार नाही, अशी आईची शपथ त्यानं घेतली. आणि खरंच, पुढं कितीतरी दिवस तो दिसला नाही. सिद्धेश्वरीचा डबा पुन्हा उघडू लागला. मायाक्कानं ही गोष्ट ना ठाण्यात सांगितली ना वैजयंतीबाईंना. एक पोरगं कागदाविना वळणावर आणलं, याचा तिला मनातून अभिमानच वाटत होता.

मग तो शनिवार उजाडला. शाळा सुटली, मुली सायकली घेऊन बाहेर पडल्या आणि काळी गाडी आली. चालवणाऱ्यानं नववीतल्या सुकन्याच्या सायकलचं कॅरियर धरून हिसका दिला. सायकल कलंडली. मागून येणाऱ्या टेम्पोचं चाक सुकन्याच्या पायावरून गेलं. गाडी पळाली. मायाक्का पाठलागाला गेली नाही. तिनं पोरीला उचललं आणि रिक्षात घातलं. पण गाडीवर मागं कोण बसलं होतं, ते तिनं पाहिलं होतं.

सुकन्याचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. ती सिद्धेश्वरीच्याच वर्गातली, एकाच बाकावर बसणारी.

"रोज गेटावर असतेस तू," ठाण्यातले साहेब म्हणाले. "एक तोंड ओळखीचं नाही?"

दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये बसलेली सुकन्याची आई मायाक्काच्या डोळ्यापुढून हलत नव्हती. त्या दिवशीच लिहिलं असतं, तर ही पोर आज दोन पायांवर चालत असती. आता गप्प राहिलं तर त्या माउलीला तोंड कसं दाखवायचं? तिनं विरेशचं नाव सांगितलं. कुणाकडून कळलं, ते सांगितलं नाही.

विरेशनं पहिल्याच दणक्यात बाकीच्यांची नावं ओकली. मुली अल्पवयीन, त्यामुळं पोक्सो कायदा लागला. गाडी त्यानं चालवली नव्हती; पण जामीन काही होईना. आत बसून पोराला विचार करायला वेळच वेळ. आपण काळ्या गाडीवर बसतो, हे त्या बाईला आधी कुणी सांगितलं असेल? भेटायला आलेल्या आईला त्यानं एकच नाव सांगितलं, बहिणीचं.

शाळेतही सिद्धेश्वरीला थारा उरला नव्हता. मुली तिच्या बाकावर बसेनात. "हिच्याच भावानं," अशी कुजबुज मागून यायची. मग ती यायचीच बंद झाली.

मायाक्का सुट्टीच्या दिवशी साध्या लुगड्यात तिच्या घरी गेली. रत्नम्मानं बस म्हटलं नाही.

"येक पोर जेलात, येक घरात," ती दारातूनच म्हणाली. "आता काय ऱ्हायलंय न्यायला?"

सिद्धेश्वरी आत जमिनीवर बसून शर्टांना गुंड्या लावत होती. विरेशच्याच कारखान्यातून घरी आणलेलं काम. तिनं मान वर केली नाही.

"सिद्धे," मायाक्का कानडीत काही बोलणार, तोच पोरगी मराठीत म्हणाली, "मी तुमाला अक्का म्हणून सांगितलं हुतं. पोलीस म्हणून न्हाई."

"सुकन्याचा पाय गेला, बाळा."

"ठावं हाय मला." सुई थांबली. "मी रोज तिच्याच डब्यातली चटणी खायची. मग मी सांगितलं तवाच का न्हाई धरलं त्याला? तवा धरलं असतं तर तिचा पाय वाचला असता. आन तवा सोडलं, तर आता का माजा भाऊ धरला?"

मायाक्का उंबऱ्यावरून मागं फिरली. गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत कसंबसं आवरलं, मग पदर तोंडात धरून भिंतीला टेकली.

शाळेसमोरचा रस्ता मात्र पार शांत झाला. पालकसभेत टाळ्या वाजल्या. मायाक्कानं ड्यूटी बदलून मागितली, तर पालकच आडवे आले. ही बाई इथंच पाहिजे म्हणाले. सभेनंतर येऊन वैजयंतीबाईंनी नुसता तिच्या खांद्यावर हात ठेवला.

जूनमध्ये सुकन्या दहावीच्या वर्गात परत आली. रिक्षातून उतरताना कृत्रिम पाय नीट टेकेना, म्हणून मायाक्कानं तिला काखेत धरलं. मुलींची गर्दी जमली, कुणी दप्तर घेतलं, कुणी पाण्याची बाटली. सुकन्या सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवत होती.

"मॅडम, सिद्धी कुठं आहे?"

"दुधनीला गेली ती. मावशीकडं."

"कधी येणार? तिला सांगा ना, मी तिच्यावर रागावले नाही."

मायाक्कानं मान डोलावली. दुधनीत पंधरा वर्षांच्या सिद्धेश्वरीसाठी स्थळं बघणं चालू आहे, हे तिच्या कानावर आलं होतं. आता त्याबद्दल कुणाला सांगायचं, की कुणालाच नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं. तिनं सुकन्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि एकेक पायरी चढवत तिला वर्गाकडं नेलं.