शेवटचा नंबर

पद्मजाने पत्रक दाराच्या फटीतून आत न टाकता सरळ स्नेहलताच्या हातात ठेवलं आणि पेनाने त्यावर उमेदवारांच्या नावांपुढे पसंतीचे चार आकडे घातले.

“उनाला एक. हे दोघं तिच्याबरोबरचे, दोन आणि तीन. आणि हा युवर मॅन, याला शेवटचा. चार.”

“याला कशाला द्यायचा नंबर?”

“अगं, शेवटचा. कळू दे त्याला आपण कुठे बसवलंय ते.”

स्नेहलता हसली. युवर मॅन, म्हणजे इथल्या आयरिश बोलीत ‘तो इसम’; त्याचा फोटो डब्लिनजवळच्या या ल्यूकनमध्ये प्रत्येक खांबावर होता. घरं आणि शाळांतल्या जागा आधी आपल्या माणसांना, असं त्याचं म्हणणं. आपली म्हणजे कोण, हे वेगळं सांगायची गरज नव्हती. बाप्तिस्मा झाला नाही म्हणून पद्मजाच्या मुलीला, रेवाला, चर्चच्या दोन शाळांनी यादीच्या तळाशी टाकलं, तेव्हा शेजारची उना, निवृत्त शिक्षिका, तिसऱ्या शाळेच्या ऑफिसात दोन तास ठाण मांडून बसली होती आणि प्रवेश घेऊनच उठली होती. ते उपकार पद्मजा विसरणाऱ्यातली नव्हती. २०१९च्या मे महिन्यात उना कौन्सिलच्या निवडणुकीला उभी राहिली, आणि या मतदानाला आयरिश पासपोर्ट लागत नाही हे कळल्यावर पद्मजा पदर खोचून कामाला लागली. ऑफिसातून आल्यावर रोज पाच-सहा मराठी घरं. शेवटच्या नंबराची युक्ती मात्र तिची स्वतःची, उनालाही न सांगितलेली. जन्मभर निकालाच्या याद्या वाचलेल्या माणसांना ती लगेच पटली.

मतमोजणीला उनाने पद्मजाला बरोबर नेलं. दुपारी उना बाद झाली.

“ग्रँड, चालायचंच,” ती म्हणाली. “आता माझी मतं त्यांवरच्या पुढच्या पसंतीला जातील. तो पडला म्हणजे झालं.”

शेवटच्या जागेसाठी दोघेच उरले होते, युवर मॅन आणि एक बस ड्रायव्हर.

कठड्यापलीकडे उनाच्या मतपत्रिकांचा गठ्ठा सुटला. दोन आणि तीन नंबरवाले आधीच निवडून आले होते, म्हणून मोजणारी बाई त्यांना ओलांडून पुढचा आकडा बघत होती. पुढचा आकडा चार होता. कागद युवर मॅनच्या खणात पडला. त्यामागून दुसरा. मग तिसरा.

तो एकवीस मतांनी निवडून आला.

“मला पहिलं आणि त्याला चौथं?” उना पुन्हा पुन्हा म्हणत होती. “साठेक मतं असतील. असं कोण करेल? नको असेल तर माणूस रकाना कोराच ठेवतो.”

पद्मजा गप्प राहिली असती तर कोणाला कधीच कळलं नसतं. तेवढ्यात फोन वाजला. ग्रुपवर स्नेहलताचा मेसेज होता: ‘पद्मजाताई, आमच्या रस्त्यावर सगळ्यांनी तू सांगितलंस तस्संच केलं. पडला ना तो?’

“तुमची मंडळी का?” उनाने डोकावून विचारलं. “काय म्हणतायत?”

मराठी अक्षरं उनाला वाचता येणार नव्हती. पद्मजाने चष्मा सारखा केला आणि मेसेज इंग्रजीत वाचून दाखवला, एकही शब्द न गाळता. मग पर्समधून आकडे घातलेलं एक पत्रक काढून तिच्या हातात दिलं.