करडईचं तेल

संध्यानं दोन्ही ब्रेक मुठी आवळून दाबले, तरी सायकल थांबेना. एरवी ब्रेक लागताना बारीक कर्र आवाज यायचा, आज तोही नाही. टेंभुर्णीच्या अलीकडचा तो लांब उतार, नुकतं पडलेलं ऊन, खाली पुलाचा चुना लावलेला कठडा, आणि सायकल त्याच्याकडे निमूट चाललेली. जणू तिला ठाऊकच होतं कुठं जायचं ते. शेवटच्या क्षणी संध्यानं हँडल डावीकडं ओढलं आणि ती कडेला रचलेल्या कापसाच्या पऱ्हाट्यांच्या ढिगात जाऊन पडली.

शेळ्या चारणारी मालनबाई धावत आली. "अगं माय! तातेरावाची संध्या न्हवं का तू?"

"हाव. ब्रेकच लागला न्हाई, मावशी."

मालनबाईनं तिला हाताला धरून उठवलं. गुडघा सोलला होता, कोपरात काटक्या रुतल्या होत्या. मग म्हातारीची नजर सायकलीकडे गेली आणि तिनं आपला हात हळूच काढून घेतला.

"ही प्रेमची सायकल न्हवं?"

"हाव."

"आन् जागा बी हीच..." मालनबाई शेळ्या हाकत निघून गेली, एकदाही मागं वळून न बघता.

प्रेम हा संध्याचा थोरला भाऊ. पुण्याला कंपनीत असताना त्यानं ही बारीक चाकांची, खाली वळलेल्या हँडलची सायकल जुन्यात घेतली होती. गावी परत आला तो तिच्यासकट. रोज पहाटे पुढच्या गावापर्यंत जाऊन यायचा. गेल्या माघात याच उतारावर कुत्रं आडवं आलं, त्यानं पुढचा ब्रेक कचकन दाबला, आणि सायकलीवरून उडून तो कठड्यावर आदळला. सायकलीला फारसं काही झालं नव्हतं. ती कित्येक महिने घरात टांगून राहिली. मग एक दिवस संध्यानं तिच्या चाकांत हवा भरली. का भरली, ते तिला सांगता आलं नसतं. दवाखान्याच्या लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त काढायचं, काचेवर पसरायचं, मोजायचं. त्याच्या आधीचा सकाळचा एक तास आपला असावा, एवढंच.

तिनं पुढच्या चाकाच्या कडेवर, जिथं ब्रेकचे रबर दोन्ही बाजूंनी चिमटा घेतात तिथं, बोट फिरवलं. बोट सरसर घसरलं. नाकाशी नेलं तर घाण्यावरच्या करडईच्या तेलाचा वास.

काल संध्याकाळीच तिनं ती कड स्पिरिटनं पुसली होती. आणि ही काही पहिली वेळ नव्हती. पहिल्यांदा तिला वाटलं, साखळीचं तेल उडालं असेल. दुसऱ्यांदा तिनं बाबांना विचारलं होतं, तर तातेराव खाली मान घालून म्हणाले होते, "मी कशाला हात लावू त्या सायकलीला? मी तिकडं बघत बी न्हाई."

सायकल हातात धरून ती चालत घरी आली. अंगणात सायकल उलटी केली, दवाखान्यातून आणलेला कापूस आणि स्पिरिट घेतलं आणि पुसायला बसली. प्रेमला हे करताना तिनं कितीदा पाहिलं होतं. कड कापसानं पुसत जायची, चाक थोडं फिरवायचं, पुन्हा पुसायची, कापूस काळा यायचा थांबेपर्यंत. मग ब्रेकच्या रबरावरून पॉलिशपेपर फिरवायचा, त्यात रुतलेले चंदेरी कण टाचणीनं काढायचे. ऊन कडेवर तिरपं पडलं तेव्हा तिला ते दिसलं. रबर पोचत नाही त्या काठाशी तेलात बोटं उमटलेली होती. एका स्पोकपासून दुसऱ्या स्पोकपर्यंत, सारख्या अंतरावर, सगळ्या चाकाला वेढा घालून. घाईनं फासलेलं तेल नव्हतं ते. कुणीतरी सावकाश, चाक फिरवत फिरवत, मायेनं चोळलं होतं.

तिचा कापूस तिथंच अडला. पण हात थांबवून कसं चालेल? तिनं ती बोटं पुसून काढली.

कांताबाई, तिची आई, चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं तिथूनच उघड्या दारातून विचारलं, "थांबली का गं सायकल?"

"न्हाई थांबली, माय. पडले मी."

"बरं झालं," कांताबाई म्हणाली आणि भाकरी उलटली.

संध्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तिनं आईकडे पाहिलं. कांताबाईचा चेहरा निवांत होता, वर्षभरात एवढा निवांत दिसला नव्हता. आईनं तिच्या सोललेल्या गुडघ्याकडे पाहिलंच नव्हतं.

दुपारी लॅबमध्ये लाइट गेली, मशीन बंद पडलं. गुडघा ठणकत होता, म्हणून संध्या लवकर निघाली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. उन्हानं पत्रे तडतडत होते. घर चार हातांवर राहिलं आणि ती जागीच थबकली.

टिक्‌ टिक्‌ टिक्‌ टिक्‌.

प्रेम घरी यायचा तेव्हा गल्लीच्या वळणावर पायडल मारणं थांबवायचा, आणि मागच्या चाकाचा असाच आवाज दारापर्यंत यायचा. कांताबाई तो ऐकूनच चहा टाकायची. आवाज मंद होत गेला, थांबला, पुन्हा सुरू झाला. घराच्या आतून येत होता.

दार नुसतं लोटलेलं होतं. मधल्या खोलीत, बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या फोटोखाली प्रेमचा फोटो, आणि त्याखाली प्रेमनंच ठोकलेल्या दोन खुंट्यांवर सायकल टांगलेली. मागचं चाक फिरत होतं. समोर कांताबाई मांडी घालून बसली होती. मांडीवर तेलाची वाटी. ती चाकाला बोट लावायची, थांबवायची, दोन बोटं तेलात बुडवून कडेवर ओढायची, पुन्हा फिरवायची. तोंडानं काहीतरी पुटपुटत होती, लेकराला न्हाऊ घालताना बाया पुटपुटतात तसं.

"माय."

कांताबाई दचकली नाही. "तेल लावून राह्यले," ती म्हणाली. "तू रोजच पुसून टाकतीस."

"कशाला लावतीस गं? आज मेले असते मी!"

"ब्रेक लागला म्हणून त्यो गेला." कांताबाईचा आवाज अगदी शांत होता. "समदे तेच म्हणले. त्याला घेऊन आलेला रिक्षावाला म्हणला, पोलीस म्हणला. ब्रेक दाबला नसता तर वाचला असता. कुत्र्याच्या अंगावरून सीधा निघून गेला असता, न्हाई? मंग मी म्हणलं, लागूच न्हाई द्यायचा ब्रेक. बिलकुल न्हाई."

"पण आता मी जाते ना तिच्यावर."

"म्हाईत हाय मला. येडी न्हाई झाले मी." कांताबाईनं वाटी खाली ठेवली. "पर सकाळी मी पडलेली असते, डोळे मिटून. ती टिकटिक दाराबाहीर जाती. मंग मला वाटतं, त्योच चाल्ला. आन् उतार तर येणारच हाय."

संध्या तिच्यासमोर जमिनीवर बसली. सलवार वर करून तिनं गुडघा दाखवला. रक्त सुकून काळं पडलं होतं. कांताबाई त्याच्याकडे बघत राहिली. ही जखम कुठली, कुणाची, हे तिला हळूहळू उमगत असावं. तिनं हात पुढं केला, पण बोटं तेलकट होती. ती तिनं पदराला पुसली, पुन्हा पुसली, आणि मग लेकीचा गुडघा धरला.

"त्या पुलाच्या उतारावरनं जातीस ना तू?" गुडघा न सोडता ती म्हणाली. "मला दाखव. थांबती का न्हाई ते."

"तुला बघवंल का?"

"दाखव तू."

रविवारी सकाळी संध्यानं चाकांच्या कडा पुन्हा पुसल्या. या खेपेला कांताबाई शेजारी बसून कापूस देत होती. तातेरावांनी बायकोला मोटरसायकलवर पुलापर्यंत नेलं, आणि स्वतः रस्त्याकडे पाठ करून कठड्याच्या पलीकडं उभे राहिले. माघात इथं उचलायला आलेले ते, त्यानंतर आजच.

संध्या उताराच्या माथ्यावर थांबली. खाली आई एवढीशी दिसत होती. तिच्या पुढ्यात, रस्त्याच्या मधोमध, एक पिवळट कुत्रं पडलेलं होतं. तेच का दुसरं, कुणाला ठाऊक. या रस्त्याला कुत्री काय कमी आहेत? पण परत फिरावं असं संध्याच्या मनात आलं. मग तिनं पाय उचलला.

सायकल सुटली. टिकटिक वाढत वाढत एकच लांब आवाज झाला. कुत्रं उठून उभं राहिलं आणि तिच्याकडे बघू लागलं, हललं मात्र नाही. कांताबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला. संध्यानं वरपासूनच दोन्ही ब्रेक थोडे थोडे आवळत आणले होते. आता जोर केला. कोरड्या कडांवर रबर किंचाळलं. तो आवाज रानभर गेला. तातेरावांनी दोन्ही कानांवर हात धरले. कुत्रं एकदम भानावर आल्यासारखं बाजूला झालं आणि तुरीत शिरलं.

सायकल आईच्या पायांपासून दोन हातांवर थांबली.

संध्याचा श्वास तिच्याच कानांत वाजत होता. कांताबाई पुढं आली, वाकली, आणि पुढच्या चाकाच्या कडेवर तिनं तळहात ठेवला. लगेच मागं घेतला. पुन्हा ठेवला.

"गरम हाय गं," ती म्हणाली.

"ब्रेक घासला की व्हती गरम, माय."

कांताबाईनं मान हलवली. तिचा हात तिथंच होता.

"मला दिला तव्हा थंडगार होता त्यो," ती म्हणाली.

तातेराव कठड्यापलीकडून वळले. पहिल्यांदाच त्यांनी सायकलीकडे पाहिलं. निघू या का, म्हणून विचारणार होते, पण संध्यानं डोळ्यांनीच त्यांना थांबवलं. ती पाय टेकून, ब्रेक आवळून तशीच उभी राहिली, चाक जराही हलू न देता. आणि कांताबाई वाकलेल्या कमरेनं, ती कड निवेपर्यंत, तिच्यावर हात ठेवून राहिली.